आजीचा अनुभव आणि १२१७ गरोदर स्त्रिया

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी मिश्रीची डबी उघडते. काही भागांत हिलाच मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासत बसायचे. शहरातील वाचकांना हे एखादे दंतमंजन वाटेल. पण ती निव्वळ तंबाखूच होय. आजी लावते, आई लावते. वयाच्या अकराव्या वर्षी भाजण्याचे काम माझ्याकडे आले आणि पुढे दोन वर्षे मीही लावली. हे सांगताना संकोच वाटतो. पण ते लपवून हा लेख लिहिणे बरे नव्हे.

गेल्या वर्षी माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला सातवा महिना होता. तीही दिवसातून तीन वेळा मिश्री लावी. मी म्हणाले, "ताई, पोटातल्या बाळाला हे बरं नाही." त्यावर आजी चुलीपुढून म्हणाली, "पन्नास वर्सं लावतीया मी. पाच बाळंतपणं झाली. एक तरी पोर मरतुकडं निघालं का? तुझी आयच बघ की!"

मी निरुत्तर झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजीचा अनुभव पन्नास वर्षांचा, माझे शिक्षण दीड वर्षाचे! तेव्हा ठरवले, की आजीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे. एखाद्या सवयीने रोग होतो, हे संशोधक ठरवतात तरी कसे?

ग्रंथालयात पहिले नाव सापडले ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात क्षयरोग जडला आणि ते स्वप्न राहिले. पुढे त्यांनी टपालाद्वारे शिकून लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली. म्हणजे आपल्यासारखाच कला शाखेकडचा हा माणूस! तोच पुढे संख्याशास्त्राच्या बळावर वैद्यकाला वळण लावणारा ठरला.

इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू झपाट्याने वाढत होते. कोणी डांबरी रस्त्यांना दोष देई, कोणी मोटारींच्या धुराला. हिल आणि रिचर्ड डॉल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील या कर्करोगाच्या रुग्णांना आणि तेवढ्याच इतर रुग्णांना त्यांच्या सवयी विचारल्या. १९५० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २ निघाले. इतर आजारांच्या ६४९ पुरुषांत असे २७ होते.

परंतु येथे एक शंका उरते. रोग झाल्यावर माणूस मागचे आठवू लागतो, आणि आठवण दगा देऊ शकते. म्हणून १९५१ साली या दोघांनी उलट वाट धरली. ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून आधीच त्यांच्या सवयी लिहून घेतल्या आणि पुढे कोणाचे काय होते याची नोंद ठेवली. सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांची ही नोंद पन्नास वर्षे चालली. २००४ साली निष्कर्ष आला, की सिगारेट न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते; पण साठाव्या वर्षी सोडली तरी सुमारे तीन वर्षे परत मिळतात.

आता कोणी म्हणेल, विलायतेतील सिगारेट वेगळी आणि आमची मिश्री वेगळी. खरे आहे. म्हणूनच मुंबईत झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटला. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकारी संशोधिकेने १२१७ गरोदर स्त्रियांची आधी नोंद केली आणि मग बाळंतपणानंतर पाहणी केली. त्यांतील सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, आणि त्यांत मिश्रीच जास्त होती. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. हा अभ्यासही २००४ सालचाच.

पण मिश्री लावणाऱ्या बायका गरीबही असतात. मग बाळ हलके झाले ते गरिबीने की मिश्रीने? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. आईचे वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, वजन, रक्तक्षय या सर्वांचा हिशेब बाजूला काढल्यावरच १०५ ग्रॅमचा आकडा उरला. तंबाखूतील निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणारा पुरवठा कमी पडतो, असे त्याचे कारण सांगतात.

हे सारे आजीला कसे सांगावे? शेवटी म्हणाले, "आजी, उशिरा पेरलं तरी एखाद्या साली पीक येतं. म्हणून कोणी मुद्दाम उशिरा पेरतं का?" आजी काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिला नगं देऊ. माझं मी बघीन."

ताईचे पहिले आठ दिवस कठीण गेले. डोके दुखे, पोट साफ होत नसे, चिडचिड होई. एकदा तिने लपून लावली, आणि मी पाहिले तेव्हा रडली. सवय म्हणजे अडाणीपणा नव्हे, ती शरीराला पडलेली बेडी आहे, हे मला त्या दिवशी समजले.

बाळ २ किलो ७०० ग्रॅमचे झाले. ताई म्हणाली, "बघ, तुझंच खरं ठरलं!" येथे मात्र मला थांबावे लागले. आजीच्या पाच मुलांवरून काही सिद्ध होत नसेल, तर ताईच्या एका मुलीवरूनही होत नाही. आमचे बाळ मिश्रीसहही तेवढेच भरले असते की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. खात्री आहे ती एका घरावरून नव्हे, त्या १२१७ जणींवरून.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, २०१६-१७ च्या पाहणीत भारतातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. म्हणजे ही डबी केवळ आमच्याच घरात नाही. १२१७ जणींचा हिशेब मुंबईत झाला, पण आमच्या चुलीपर्यंत तो पोहोचायला इतकी वर्षे लागली. तो पोहोचवण्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. वाचता येणे आणि घरी बोलण्याचे धाडस असणे पुरते.

आजीची डबी अजून फळीवर आहे. भाजण्याचे काम मात्र मी सोडले आहे.