धुपाटण्यातील गुग्गुळ

सायंआरतीच्या वेळी वडील निखाऱ्यांवर जो गुग्गुळ घालतात, तो कच्छच्या माळावरही उगवणाऱ्या एका काटेरी झुडुपाचा डिंक होय. दर्शनास येणारी काही वृद्ध मंडळी डॉक्टरांच्या गोळ्या सोडून गुग्गुळ घेऊ लागली आहेत, म्हणून हे लिहिणे प्राप्त झाले.

सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून जी. व्ही. सत्यवती यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले व १९६६ साली प्रबंध सादर केला. गुग्गुळाने रक्तातील चरबी उतरते असे त्यांना आढळले. परंतु २००३ साली फिलाडेल्फिया येथे १०३ जणांवर आठ आठवडे परीक्षा झाली, तेव्हा अपायकारक कोलेस्टेरॉल उलट किंचित वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. शोधन केलेला गुग्गुळ निराळा, असे कोणी म्हणेल. असेलही. ग्रंथकार तर नवा गुग्गुळ पुष्टिकर आणि जुना मेद खरवडणारा, असा भेद करतात. बाजारच्या डबीवर मात्र त्याचे वय लिहिलेले नसते!

प्रोप्रानोलोल व डिल्टियाझेम ही हृदयविकाराची औषधे गुग्गुळासमवेत घेतल्यास रक्तात कमी उतरतात. तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांनी ते आपल्या डॉक्टरांस अवश्य सांगावे.

अधिक डिंकाच्या लोभाने खोल चिरा मारल्यामुळे झुडूप वाळते, व आज ते अतिसंकटग्रस्त गणले जाते. वडील आता धुपाटण्यात चिमूटभरच घालतात.