गोधडीची नक्षी काढणारे यंत्र

गोधडी कुणाला ठाऊक नाही? कुणी तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, पोरांची फाटकी कुडती, घरात जे असेल ते एकावर एक अंथरायचं. वर ठिगळं मांडायची आणि धावदोरा घालत जायचं. थंडीत तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशात नाही.

या कामात आता एक नवे यंत्र आले आहे. त्याचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. नाव लांबलचक आहे, म्हणून लोक त्याला 'एआय' म्हणतात. आपणही तसेच म्हणू. शिवणयंत्रासारखे ते डोळ्यांना दिसत नाही. दूर कुठेतरी मोठमोठ्या संगणकांत ते चालते आणि इंटरनेटने आपल्या मोबाइलवर येते. सन २०२२ पासून ते सामान्य माणसांच्या हाती आले. आपण शब्दांत सांगायचे, त्याने चित्र काढून दाखवायचे. लिहून सांगा, नाहीतर माईकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोला.

हे यंत्र शिकले कसे? त्याला कोट्यवधी चित्रे दिली आणि त्या चित्रांबरोबर लिहिलेले शब्द दिले. कोणत्या शब्दाबरोबर कोणते रंग येतात, कोणते आकार येतात, एवढे त्याने त्यातून उचलले. त्याने सुई कधी धरली नाही. एक रात्रसुद्धा ते गोधडीत झोपलेले नाही. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सगळे समजते.

त्याला नुसते 'छान गोधडी काढ' म्हटले तर ते काहीही काढील. मोर काढील, कमळे काढील, जरीचे काठ लावील. आपल्या गाठोड्यात जर कुठली? म्हणून आधी गाठोडे सोडा. चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करा. मग सांगा, 'गोधडी ५ फूट रुंद, ६ फूट लांब. सगळे तुकडे चौकोनी. रंग चारच: लाल, हिरवा, पांढरा, निळा. पांढरा सर्वांत कमी.' चित्र आले की पाहा. आवडले नाही तर सांगा, 'लाल कडेला ने.' दहा वेळा बदला, यंत्र कंटाळत नाही. आम्हाला त्याचा हाच गुण मोठा वाटतो. कापड एकदा कापले की परत जोडता येत नाही. चित्र कितीही वेळा मोडता येते.

पण मापाचे मात्र त्याच्यावर सोडू नका. हिशेब आपण करावा. ५ फूट म्हणजे ६० इंच. ६ फूट म्हणजे ७२ इंच. ६ इंची चौकोन घेतले तर आडवे १० आणि उभे १२ बसतात. एकूण १२० तुकडे झाले. आता यंत्राने सांगितले, '६ इंचाचे १२० तुकडे कापा,' आणि आपण तसेच कापले, तर काय होईल? शिवणीत प्रत्येक कडेचे अर्धा इंच कापड आत जाते. ६ इंचाचा तुकडा ५ इंचाचा उरतो. गोधडी होते ५० इंच रुंद आणि ६० इंच लांब, म्हणजे ५ फूटच लांब. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण पांघरूण तरी पायांपर्यंत पोचायला हवे! तुकडे ७ इंचाचेच कापा.

चित्र फोनवर सुंदर दिसते, पण पुष्कळदा त्यातल्या रेषा एकमेकींना भिडत नाहीत. एक त्रिकोण मोठा, शेजारचा लहान. तो शिवता येत नाही. यासाठी पोरांची चौकटीची वही घ्या. चित्र पाहून एकेका घरात रंग भरा. जे चौकटीत बसले तेच शिवता येईल.

कापडाची पारखही आपलीच. कोणते लुगडे विरले आहे, कोणता लाल रंग पाण्यात सुटतो, हे फोटोवरून कळत नाही. सुती आणि टेरिलीन शेजारी शेजारी घातले तर धुतल्यावर सुती आटते आणि गोधडी चुरगळते.

कुणी म्हणेल, आमच्या आजीला कुठं फोन होता? नव्हता, आणि तिचं काही अडलंही नाही. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बाया कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून टाके घालत मध्यापर्यंत जातात. कापडाच्या घड्या घालून केलेले रंगीत तुकडे चारी कोपऱ्यांना लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी समजतात. कोणत्याही यंत्राने हे त्यांना शिवायला शिकवलेले नाही. उलट अशा हातांच्या कामाचे फोटो पाहूनच यंत्रे शिकतात.

यावरून तंटेही झाले आहेत. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत तीन चित्रकारांनी अशा यंत्रांच्या कंपन्यांवर कोर्टात दावा लावला. आमची चित्रे न विचारता यंत्राला शिकवायला घेतली, असे त्यांचे म्हणणे. म्हणून घराण्यातली खास नक्षी असेल तर तिचा फोटो यंत्राला देण्याआधी बायकांनी आपसांत बोलून घ्यावे. एकदा दिलेला फोटो परत मागता येईलच असे नाही.

गोधड्या विकणाऱ्या बायांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. व्यापारी म्हणेल, 'बाई, नक्षी तर फोननं काढली. तुम्ही नुसते टाके घातले. दाम कमी घ्या.' त्याला विचारा, फोनची नक्षी पांघरून झोपता येते का? चित्राला चार घटका लागल्या असतील, टाक्यांना किती दिवस लागले? हे तोंडी सांगू नका, वहीत दाखवा. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. वर गोधडीचे माप लिहा. खाली रोजची तारीख आणि त्या दिवशी किती तास शिवले ते लिहा. दोऱ्याचा, अस्तराचा खर्च लिहा. गिऱ्हाइकाने नक्षीचे विचारले तर यंत्राची मदत घेतली असेल ते खरे सांगा, आणि मग वही पुढे करा.

पहिल्यांदा मोठी गोधडी घेऊ नका. पाळण्यातल्या बाळाची दुपटी घ्या. आडवे ५ आणि उभे ६ चौकोन, म्हणजे ३० तुकडे. लाल कापड आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी पाहा. रंग सुटला असेल तर ते कापड बाजूला ठेवा.