बाबा, मोटारसायकल आणि प्रवास विमा

उन्हाळा जवळ आला की आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा भारतातून नेदरलँड्सला येतात. चकल्या, पापड, लोणचं यांची यादी महिनाभर आधीच तयार असते. प्रवास विमा मात्र शेवटी, घाईघाईत काढला जातो. आमच्याकडेही तसंच झालं.

माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. साताऱ्यात त्यांनी तीस वर्षं बुलेट चालवली. इकडे यायचं ठरलं तेव्हा फोनवर म्हणाले, "तो समुद्रातला बांध आहे ना, त्यावरून मला मोटारसायकलनं जायचंय." तो बांध म्हणजे आफ्स्लाउटडाइक. १९३२ साली पूर्ण झालेला, सुमारे ३२ किलोमीटर लांब. मोटारसायकल भाड्याने घ्यायचं ठरलं.

मी सगळ्यात स्वस्त पॉलिसी निवडली. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण लागतं. तेवढं त्यात होतं. मी पैसे भरणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अटी वाचल्यास का?"

वाचल्या. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मोटारसायकल चालवताना झालेल्या अपघाताचा खर्च मिळणार नाही. म्हणजे व्हिसा मिळाला असता, पण बाबा पडले असते तर हॉस्पिटलच्या बिलानं आमच्या खिशाला मोठी चाट बसली असती.

म्हणून विमा घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. मोटारसायकल चालवलेली चालते का? किती सीसीपर्यंत? मागे बसणाऱ्यालाही संरक्षण आहे का?

२. वयाची अट काय आहे? वय वाढलं की सहसा प्रीमियम वाढतो.

३. जुन्या आजारांचं काय? बाबा म्हणाले, "गोळी घेतली की बीपी नॉर्मल असतं, मग सांगायचं कशाला?" पण लपवलेला आजार नंतर कळला, तर कंपनी पैसे नाकारू शकते.

४. खर्चातली पहिली किती रक्कम आपण भरायची? ही रक्कम जास्त घेतली की प्रीमियम बहुधा कमी होतो. पैसे वाचवायचे तर इथे वाचवा, पण तेवढे पैसे बाजूला ठेवा.

५. कागदपत्रं पूर्ण आहेत ना? मोटारसायकलचं भारतीय लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा. हेल्मेट तर सक्तीचंच!

आणि हो, भाड्याच्या मोटारसायकलचा विमा वेगळा असतो. आपल्या चुकीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो. बाबांच्या मोडलेल्या हाताचा खर्च त्यातून मिळेलच असं नाही.

शेवटी आम्ही थोडी महाग पॉलिसी घेतली. बाबांनी फॉर्मवर बीपी लिहिलं. बांधावरून परत आल्यावर हेल्मेट काढत ते म्हणाले, "काय वारा आहे रे! यापेक्षा आपला घाट बरा."

शब्दार्थ
बांध – पाणी अडवण्यासाठी घातलेली भिंत
अट – पाळावा लागणारा नियम
नाकारणे – 'नाही' म्हणणे
खिशाला चाट बसणे – विनाकारण पैसे खर्च होणे

स्वाध्याय
१. स्वस्त पॉलिसी बाबांच्या उपयोगाची का नव्हती?
२. 'खिशाला चाट बसणे' हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा.
३. आजी किंवा आजोबांना फोन करा. वरच्या पाच प्रश्नांपैकी दोन त्यांना मराठीत समजावून सांगा.