पोचपावती हाती येईपर्यंत



शाळाभेटीस जाताना एक दृश्य वारंवार दिसते. गुरुजी मोबाइल हाती धरून पटांगणाच्या कडेला लिंबाखाली उभे असतात. आत वर्ग त्यांची वाट पाहत असतो. रेंज येते, जाते. माहिती गेली की नाही हे उमगत नाही. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत हा अनुभव कोणास नवा नाही. म्हणून त्यामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

फोन शाळेतील वायफाय सोडून मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर गेला, की इंटरनेटवरील त्याचा पत्ता बदलतो व चालू असलेली देवाणघेवाण बहुधा तुटते. मनोरा दूर असल्यास ती तुटली नाही तरी फार मंदावते. शिवाय रेंजच्या रेघा पूर्ण दिसल्या म्हणजे इंटरनेट चालू आहेच, असे नाही. त्या रेघा केवळ मनोऱ्याशी असलेला संबंध दर्शवितात. मनोऱ्यापुढील वाट बंद असू शकते.

एका शाळेत बाईंनी पोषण आहाराची उपस्थिती पाठविली. उत्तर आले नाही, म्हणून पुन्हा पाठविली. वस्तुतः पहिली नोंद पोहोचली होती; परतीचे उत्तर तेवढे वाटेत हरपले होते. एका दिवसाच्या दोन नोंदी झाल्या आणि खुलासा बाईंना द्यावा लागला. माहिती हरपली काय किंवा उत्तर हरपले काय, पाठविणाऱ्यास दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात, हे ध्यानात घ्यावे.

यावरील उपाय आपल्या जावक नोंदवहीतच आहे. पत्र आधी वहीत उतरते, त्यास जावक क्रमांक मिळतो, मग ते रवाना होते. त्याच क्रमांकाचे पत्र दोनदा आले, तर आवक लिपिक ते एकच मानतो. चांगले ॲपही असेच वागते. ते माहिती प्रथम फोनमध्ये जतन करते, प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक देते व जोडणी आल्यावर आपण होऊन पाठविते. जमले नाही, तर दर वेळी थोडे अधिक थांबून पुन्हा प्रयत्न करते. आणि कोणती नोंद पोहोचली, कोणती प्रलंबित आहे, हे स्पष्ट दाखविते. ज्या ॲपमध्ये ही सोय नाही, त्याची उणीव केंद्रप्रमुखांमार्फत लेखी कळवावी. तो शिक्षकांचा दोष नव्हे.

तोवर पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. आकडे प्रथम कागदी नोंदवहीत लिहावेत.

२. पुन्हा पाठविण्यापूर्वी आधीची नोंद पोहोचली काय, हे पाहावे.

३. नोंद प्रलंबित असताना ॲप काढून टाकू नये, त्यातील साठाही पुसू नये.

४. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपवरील पाठ्यसाहित्य, रेंज असेल तेथे, आदल्या दिवशीच उतरवून घ्यावे. मग वर्गात ते इंटरनेटवाचूनही दाखविता येते.

नोंद वहीत सुरक्षित असली, की ती तासाभराने पाठविली तरी चालते. मुलांचा बुडालेला तास मात्र भरून येत नाही. म्हणून रेंज गेली, तर लिंबाखाली तिष्ठत न राहता वर्गावर यावे, ही विनंती.