पाण्याच्या पाइपातील परका शिंपला

मधुबन धरणाचे पाणी आपण पितो आणि शेतालाही देतो. त्याच्या एका शत्रूची ओळख करून घेऊ.

आपल्या नदीतला शिंपला चिखलात रुतून राहतो, पाणी गाळतो. त्याला मारू नये. काही परके शिंपले मात्र चिवट तंतूंनी दगडाला, लोखंडाला, पाइपाला चिकटतात. थरावर थर बसतो व पाइप तुंबतो. अमेरिकेतील मनरो शहराचा पाणीपुरवठा डिसेंबर १९८९ मध्ये झेब्रा शिंपले व बर्फ यांमुळे बंद पडला. २०२४ साली कॅलिफोर्नियात सोनेरी शिंपला सापडला. आपल्या देशात १९६७ साली विशाखापट्टणम बंदरात असाच एक परका शिंपला आढळला, पुढे मुंबईच्या गोदीतही. तो खाऱ्या आणि मचूळ, दोन्ही पाण्यांत तग धरतो.

शिंपला एकदा पाइपात बसला की काढणे कठीण. औषध टाकले तर तो तोंड मिटून कित्येक दिवस राहतो. त्याची पिले तर डोळ्यांना दिसतही नाहीत. होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून ती दुसरीकडे जातात. म्हणून आधीच जपावे:

१. दुसरीकडची होडी, जाळे किंवा पंप मधुबनात उतरवण्यापूर्वी घासून धुवावा.
२. आतले पाणी कोरड्या जमिनीवर ओतावे, नदीनाल्यात नव्हे.
३. वस्तू कडक उन्हात निदान आठवडाभर वाळवावी. पावसाळ्यात ती सुकत नाही, तेव्हा नेऊच नये.
४. पंपाच्या जाळीला घट्ट चिकटलेले शिंपले दिसल्यास पाणीपुरवठा खात्याला त्वरित कळवावे.