खिडकीच्या काचेवरील छापील फिल्म : निवड आणि बसवणी

आरोग्य उपकेंद्रातील तपासणीच्या खोलीची खिडकी पुष्कळदा रहदारीच्या रस्त्याकडे उघडते. ती तशीच ठेवली तर तपासणीसाठी आलेल्या स्त्रीची कुचंबणा होते. जाड पडदा लावला तर खोलीत अंधार पडतो. यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी काचांना खळ लावून जुनी वर्तमानपत्रे चिकटविली जातात, तर कोठे तावदानेच चुन्याने किंवा तैलरंगाने माखली जातात. कागद पिवळा पडतो, रंगाचे पोपडे निघतात. प्रकाश आत घेऊन दृष्टी मात्र अडविणारी अर्धपारदर्शक फिल्म हा याहून पुष्कळ बरा उपाय होय. तीवर मजकूर किंवा चित्र छापता येत असल्याने शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत कार्यालय यांनाही ती उपयोगी पडते.

ही फिल्म विनाइल अथवा पॉलिएस्टर या प्लॅस्टिकची असते. तिच्या एका अंगाला दाबाने चिकटणारा गोंद असतो व त्यावर सोलून काढावयाचे अस्तर असते. महाराष्ट्रात या प्रकारच्या कामाला सर्रास 'रेडियमचे काम' म्हणतात. वास्तविक त्यात रेडियमचा लवलेशही नसतो. ही कल्पनाही अगदी नवी नव्हे. आयर्लंडमधील बेलफास्ट येथील मॅकॉ, स्टीव्हन्सन अँड ऑर या मुद्रणसंस्थेने १९व्या शतकाच्या उत्तरार्धात 'ग्लेशियर' नावाचे छापील पारभासक कागद विकण्यास प्रारंभ केला. रंगीत काचेच्या खिडक्या ज्यांना परवडत नसत, त्यांनी हे कागद साध्या काचेवर डकवून हौस भागवावी, असा त्यामागचा हेतू होता. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधील ग्रंथालयाला आहेत तशा जुन्या रंगीत काचांवर मात्र कसलीही फिल्म चिकटविणे इष्ट नाही.

फिल्म निवडताना होणारी एक चूक महागात पडते. आरशासारखी चकाकणारी फिल्म लावली की बाहेरून आतले दिसत नाही, हे दिवसा खरे असते. रात्री आत दिवा लागला व बाहेर काळोख असला की स्थिती नेमकी उलट होते आणि आतील सर्व काही रस्त्यावरून स्पष्ट दिसू लागते. ज्या केंद्रात रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी स्त्रिया येतात, तेथे ही फिल्म निरुपयोगीच नव्हे, तर खोटा भरवसा देणारी ठरते. तेथे दुधी, म्हणजे प्रकाश विखुरणारी फिल्मच हवी. तीतूनही काचेलगत उभ्या असलेल्या व्यक्तीची सावली रात्री उमटते. म्हणून तपासणीचे टेबल खिडकीपासून दूर ठेवावे आणि दिवा टेबल व खिडकी यांच्या दरम्यान येईल असा बसवावा. टेबलामागे दिवा असल्यास सावली काचेवर पडते.

वर्गखोलीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. सर्व तावदाने चित्रांनी भरून टाकली तर खोली शोभिवंत दिसेल, पण मागच्या बाकावरील मुलास फळ्यावरचे दिसणार नाही. खालची तावदाने झाकावीत व वरची मोकळी सोडावीत.

ऊन, पाऊस व धूळ यांपासून बचाव व्हावा म्हणून फिल्म शक्यतो काचेच्या आतील बाजूस लावतात. अशा फिल्मवरील मजकूर बाहेरून वाचावयाचा असेल तर तो आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटा छापून घ्यावा लागतो. आतून वाचावयाचा असल्यास सरळ. छपाईची मागणी देताना हे लेखी नमूद करावे. सॉल्व्हंट शाईने छापलेली फिल्म निदान एक दिवस मोकळी वाळू द्यावी, अन्यथा पुढे तिच्या कडा वळतात. मोजमाप प्रत्येक तावदानाचे स्वतंत्रपणे घ्यावे, कारण सुताराने केलेली चौकट क्वचितच अचूक काटकोनात असते. महाराष्ट्राचा नकाशा सहा तावदानांवर विभागावयाचा असेल, तर मधल्या लाकडी पट्ट्यांची रुंदीही हिशेबात धरावी. एरवी गोदावरी प्रत्येक पट्टीपाशी तुटून थोडी वर-खाली सरकलेली दिसते.

बसविण्याचे काम थेट ऊन नसताना, पंखा बंद करून व दोघांनी मिळून करावे. प्रथम काच साबणाच्या पाण्याने धुवावी, रंगाचे व लांबीचे ठिपके ओल्या काचेवर पात्याने खरवडावेत आणि कोपऱ्यांतील धूळ काढावी. मग स्वच्छ पाण्यात द्रवरूप साबणाचे थोडे थेंब टाकून ते फवाऱ्याने काचेवर भरपूर मारावे. विहिरीचे जड पाणी डाग ठेवते, म्हणून गाळलेले पावसाचे पाणी उत्तम. अस्तर सोलताना उघड्या पडणाऱ्या गोंदावरही हेच पाणी फवारावे. ओली फिल्म काचेवर सरकवून जागेवर आणता येते; कोरडी एकदा चिकटली की चिकटली. त्यानंतर फिल्मचा पृष्ठभाग ओला करून रबरी पट्टीने मध्यापासून कडांकडे पाणी रेटत न्यावे. जादा भाग धारदार पात्याने कापताना चौकटीलगत सुमारे २ मिलिमीटर फट ठेवावी, म्हणजे उरलेल्या पाण्यास वाट मिळते.

काम पुरे झाल्यावर दिसणारे पाण्याचे फुगे व धूसरपणा काही दिवसांत, पावसाळ्यात अधिक दिवसांनी, आपोआप जातात. धुळीच्या कणाभोवतीचा फुगा मात्र जात नाही. देयक मंजूर करण्यापूर्वी हा फरक पाहावा, आणि त्यासाठी थोडा काळ जाऊ द्यावा.

खडबडीत नक्षीच्या काचेवर गोंद धरत नाही. तारेची जाळी असलेल्या किंवा कडेला टवका उडालेल्या काचेवर गडद फिल्म लावणे धोक्याचे असते; गडद रंग ऊन शोषतो, छपराच्या सावलीतील भाग थंड राहतो आणि या ताणाने काच तडकते. साधी काच फिल्म लावल्याने भारतीय मानक २५५३ची सुरक्षा काच होत नाही, हेही लहान मुलांच्या वर्गाबाबत ध्यानात ठेवावे.

जुनी फिल्म काढताना केस वाळविण्याच्या यंत्राने ती कोमट करून एका कोपऱ्यापासून सावकाश ओढावी. उरलेला गोंद टर्पेंटाइनने पुसून काच पुन्हा साबणाने धुवावी. छपाईच्या चित्राची संगणकीय प्रत व तावदानांची मापे कार्यालयात जपून ठेवल्यास, एखादी काच फुटली तरी तेवढाच तुकडा नव्याने छापून घेता येतो.