बहुपर्यायी प्रश्नांतील पर्यायांची सुसंगती
जून २०१२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील सर्वच प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ झाल्या. साहित्याच्या भावी अध्यापकाची पारख पर्यायांच्या रचनेवर अवलंबून राहिली. 'भालचंद्र नेमाडे यांची १९६३ मधील कादंबरी कोणती?' या प्रश्नाखाली 'कोसला', 'ययाति', 'नटसम्राट', 'विशाखा' असे पर्याय दिल्यास नाटक व काव्यसंग्रह आपोआप गळतात. त्यांच्या जागी 'रणांगण', 'बनगरवाडी' योजल्यास चारही कादंबऱ्याच राहतात. मराठीत लिंगभेदाचेही अवधान हवे. 'या ओळीत कवीने — योजिली आहे' असे वाक्य असेल तर श्लेष, रूपक, अनुप्रास बाद होऊन क्रियापदच 'उपमा' सुचविते. 'कोणता अलंकार आहे?' असे विचारल्यास हा दोष टळतो. पर्याय एकजातीय असतील, तरच परीक्षा ज्ञानाची होते. एरवी ती अदमासाचीच ठरते.